व्हर्डेल प्रूइट आणि पडून उठणारा घोडा

व्हर्डेल प्रूइटला या आठवड्यात किती वेळा मेलास असं कुणी विचारलं, तर तो खरोखर आठवून सांगायचा, "मंगळवारी दोनदा, बुधवारी एकदा. गुरुवारी मी शेरीफच्या बाजूला होतो, त्यामुळे वाचलो."

हॉलिवूडमध्ये गावर नावाच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक औषधांचं दुकान होतं. आत लांबलचक काउंटर होता, तिथं कॉफी आणि तळलेले डोनट मिळायचे. त्या दुकानासमोर सकाळी सहापासून माणसं उभी असायची. सगळी खरोखर गुरं राखलेली, अंगावर स्वतःचे बूट, स्वतःची हॅट, खांद्यावर स्वतःचं खोगीर. गाडी येऊन थांबायची, आतला माणूस बोट दाखवायचा, "तू, तू, आणि तो मागचा उंच," आणि ज्याच्याकडं बोट जाईल तो दिवसभरासाठी सिनेमातला माणूस व्हायचा. सकाळी काळी हॅट घालून बँक लुटायची. दुपारी पांढरी हॅट घालून त्याच लुटारूंच्या मागं घोडे फेकायचे. पडद्यावर कुणी डोळ्यांत तेल घालून बघितलं असतं तर व्हर्डेल स्वतःचाच पाठलाग करताना दिसला असता. पण पडद्यावर सगळ्यांचे डोळे असायचे हीरोवर, आणि हीरोला तर घोड्यावर चढायला स्टूल लागायचं.

व्हर्डेल टेक्सासच्या उत्तर टोकाचा. ज्या मालकाकडं तो गुरं राखायचा त्यानं एका दुष्काळात सगळा पसारा विकला, आणि शेवटच्या बैलांबरोबर मालगाडीत बसून हा कॅलिफोर्नियाला आला तो तिथलाच झाला. उंच, हडकुळा, बोलायला कमी. पण पडायचं कसं हे त्याच्यासारखं कुणाला ठाऊक नव्हतं. छपरावरून, जिन्यावरून, धावत्या बग्गीवरून तो असा पडायचा की बघणाऱ्यानं डोळे मिटून घ्यावेत, आणि हा कपडे झटकत उठून विचारणार, "जेवणाची सुट्टी झाली का?"

त्याची बायको नेटी हीसुद्धा याच धंद्यातली. डोक्याला टोपडं, हातात टोपली, आणि रस्ता ओलांडायचा. गोळीबार सुरू झाला की किंचाळत दुकानात शिरायचं. नेटीची किंचाळी नावाजलेली होती. दुसऱ्या बायका रिकाम्या वेळेत विणकाम करत बसायच्या, ही घोडे बघत बसायची. नेब्रास्कात तिच्या वडलांचा तबेला होता. घोड्याच्या कानाकडं बघून ती सांगायची की हा आता लाथ घालणार.

कुणाचंच नाव पडद्यावर यायचं नाही. त्याचं व्हर्डेलला काही वाटत नव्हतं. वाटायचं ते तारेचं.

पाठलागात घोडा पडताना दाखवायचा असला की तार लावायची, अशी तेव्हाची पद्धत. घोड्याच्या पुढच्या पायांना कड्या, कड्यांमधून बारीक पोलादी तार पोटाखालच्या पट्ट्यातून मागं नेलेली, आणि तारेचं दुसरं टोक जमिनीत पुरलेल्या ओंडक्याला. घोडा भरधाव सुटायचा. तार संपली की पुढचे पाय एकदम मागं खेचले जायचे आणि जनावर डोक्यावर आपटायचं. स्वारानं आधीच रिकिबीतून पाय काढून उडी टाकायची. स्वार बहुतेकदा वाचायचा.

एकोणीसशे छत्तीस सालच्या जूनमध्ये व्हर्डेलनं असा एक तांबडा घोडा तारेवर घातला. चांगला गुणी घोडा होता. सकाळपासून त्याच्या हातातून सफरचंदाच्या फोडी खात होता. व्हर्डेल वाळूत दोन कोलांट्या घेऊन उठला, मागं वळला, तर घोड्याची मान मोडलेली. डोळे उघडे होते. डायरेक्टर म्हणाला, "फार सुंदर! पुढचा शॉट." चार माणसांनी घोडा ओढत कॅमेऱ्याच्या मागं नेला.

त्या दिवशी व्हर्डेल घरी येऊन जेवला नाही. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर बर्ट क्रेलिन आला. हा स्टंटवाल्यांचा मुकादम. कोण किती उंचीवरून पडणार, तार कुठं पुरायची, हे सगळं तोच ठरवायचा. जाडजूड, लाल मानेचा, आवाज असा की रस्त्यापलीकडं ऐकू जावा.

"प्रूइट, उद्या तार आहे. दोनदा पडायचंय."

"तार नको, बर्ट. बाकी काहीही सांग."

"बाकी काहीही म्हणजे?"

"कड्यावरून लोळतो. गाडीखालून घसरतो. छपराला आग लाव, त्यावरून उडी मारतो. पण तारेवर घोडा घालणार नाही."

बर्टनं शीळ घातली. "ऐका रे सगळ्यांनी! आपला व्हर्डेल पाद्री झालाय. रविवारी घोड्यांना प्रवचन देणार आहे!"

लोक हसले. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांनी नजर खाली वळवली होती, हे व्हर्डेलला दिसलं, पण दिसून उपयोग काय? त्या दिवसापासून बर्टचं बोट त्याच्याकडं वळेनासं झालं. फार तर मागच्या गर्दीत घोड्यावर बसायचं काम.

संध्याकाळी नेटी घेवड्याच्या शेंगा मोडत बसली होती. त्यानं झालं ते सांगितलं.

"नाही म्हणालास?"

"म्हणालो."

"मग मान खाली घालून काय बसलायस? चूल पेटव."

व्हर्डेलच्या डोक्यात एकच किडा शिरला होता. घोडा स्वतःहून का पडू नये? कुत्रा सांगितल्यावर लोळतो, मग भरधाव घोडा खुणेवर आडवा होणार नाही? कोपऱ्यावर त्यानं हे बोलून दाखवलं तर लोक म्हणाले, अरे बाबा, घोडा पडायला घाबरतो, तीच तर त्याची अक्कल. उभं राहणं हेच त्याचं जगणं.

तेही खरंच होतं. पण गस लिंडक्विस्टच्या तबेल्यात एक घोडा होता जो घाबरत नव्हता. गस म्हणजे म्हातारा स्वीडिश माणूस. सिनेमावाल्यांना भाड्यानं घोडे पुरवायचा. या घोड्याचं नाव डीकन, म्हणजे चर्चचा सेवक, कारण मऊ जमीन दिसली की तो चर्चमधल्या भाविकासारखे गुडघे टेकायचा आणि पाठीवर माणूस असो नसो, खुशाल लोळायला लागायचा. एकदा त्यानं एका नामांकित नायिकेला शुभ्र पोशाखासकट चिखलात निजवलं होतं.

"हा? हा तर फुकट ने," गस म्हणाला. "वर तुला गवताचा भारा देतो. पण परत आणायचा नाही, आधीच सांगतो."

डीकन न्यूहॉलला आला. प्रूइटांचं तिथं दोन खोल्यांचं घर होतं आणि मागं नदीचं कोरडं पात्र. वर्षातले दहा महिने त्यात नुसती वाळू असायची. व्हर्डेलनं तिथला एक तुकडा कुदळीनं खणून गादीसारखा मऊ केला आणि कामाला लागला. पण पहिले पाच आठवडे काही म्हणता काही जमलं नाही. तो लगाम ओढायचा, टाच मारायचा, ओरडायचा. डीकन शांतपणे उभा राहून त्याच्याकडं बघायचा. स्वार खाली उतरला आणि घराकडं वळला, की हा मागं आरामात लोळणार.

नेटी कुंपणावर बसून रोज हा तमाशा बघत होती. एक दिवस तिच्यानं राहवेना.

"तू त्याला पाडतोयस," ती म्हणाली. "पाडू नकोस. पडू दे."

"म्हणजे काय करू?"

"तो स्वतःहून आडवा होतो तेव्हा आधी काय करतो, बघितलंयस कधी? उजव्या खांद्यावरून मागं बघतो. मागं कुणी आहे का ते बघतो बिचारा. दर वेळी. मी गेले पाच आठवडे तेच बघतेय."

"मग सांगायचं नाही का, बाई?"

"तू ओरडत होतास. माझा आवाज कुठं पोचणार?"

तिनं व्हर्डेलची जुनी विजार चढवली आणि स्वतः डीकनवर बसली. हळूच उजवा लगाम मागं घेतला, घोड्याचं तोंड खांद्याकडं वळवलं, आणि आपलं वजन डावीकडं सोडलं. डीकननं क्षणभर विचार केला. मग सुस्कारा टाकून डाव्या कुशीवर वाळूत आडवा झाला. नेटी वेळेवर पाय काढून बाजूला उभी होती. व्हर्डेलनं हॅट काढून हवेत फेकली ती नेमकी निवडुंगात जाऊन अडकली. पण त्याचं लक्ष कुठं होतं!

तिथून पुढं चौदा महिने गेले. उभ्यानं पडायचं जमलं, मग चालताना, मग दुडक्या चालीत. दर पडण्यानंतर गाजराचा तुकडा आणि मानेवर थाप. घोडा थकला की बंद, मग सूर्य डोक्यावर असो नाहीतर मावळतीला. भरधाव पहिल्यांदा पडला तेव्हा व्हर्डेलचाच पाय रिकिबीत अडकला आणि खांद्याचं हाड मोडलं. डीकन उठून त्याच्याशेजारी उभा राहिला, त्याचा चेहरा हुंगत. "बघ, विचारतोय तुला, शहाण्या, तुला अजून नीट पडता येत नाही का म्हणून," नेटी गाडीत बसवताना म्हणाली. हाड सांधेपर्यंत व्हर्डेलनं एका बाजूनं उघडी असलेली रिकीब बनवून घेतली, पाय आपसूक सुटावा अशी. त्यानंतर एकदाही अडकला नाही.

त्या दिवसांत घर नेटीच्या किंचाळीवर चालत होतं म्हटलं तरी चालेल. व्हर्डेल दोन-तीन डायरेक्टरांना भेटला. सगळ्यांचा सवाल एकच: "आणि ऐनवेळी नाही पडला तर? तार कधी नाही म्हणत नाही."

अडतीसच्या नोव्हेंबरात चॅट्सवर्थच्या खडकांत एका सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. सहा दिवसांत पुरा करायचा सिनेमा, आणि तो सहावा दिवस. हॅस्लम नावाचा डायरेक्टर, घशात सदा खोकल्याची गोळी. व्हर्डेल मागच्या घोडेस्वारांत होता, डीकनवर बसून. नेटी गावातल्या बायकांत होती. दुपारी तीनला शेवटचा मोठा शॉट. लुटारूंचा सरदार भरधाव खिंडीतून येतो, गोळी लागते, घोड्यासकट कोसळतो.

बर्ट क्रेलिननं तार पुरली. स्वार सुटला. पण तार दहा पावलं आधीच ताणली गेली आणि करड्या रंगाचा तो घोडा कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, धुळीच्या लोटात आपटला. स्वार लंगडत उठला. घोडा उठला नाही. पुढचा पाय मोडला होता. घोड्यांचा मालक गस लिंडक्विस्ट स्वतः बंदूक घेऊन गेला, बार झाला, आणि परत येऊन त्यानं बंदूक वाळूत टाकली.

"काय मिळालं?" हॅस्लमनं कॅमेरावाल्याला विचारलं.

"धूळ," तो म्हणाला.

"दुसरा घोडा आणा."

"आणणार नाही," गस म्हणाला.

"काय?"

"माझा एकही घोडा आता तारेवर जाणार नाही. आज नाही, उद्या नाही. माझ्यावर खटला करा. मी म्हातारा आहे, तुरुंगात मला ऊब मिळेल."

ऊन खडकांवर कलायला लागलं होतं, फार तर तासभर उजेड. आणि ते कोसळणं नसेल तर सिनेमा संपणारच नव्हता. हॅस्लम गोळी चघळत इकडं तिकडं बघत होता. तेवढ्यात मागच्या रांगेतून व्हर्डेल डीकनला चालवत पुढं आला.

"मी पडतो, मिस्टर हॅस्लम. याच घोड्यावर. तार नको."

बर्ट मोठ्यानं हसला. "हा? हा लोळणारा घोडा? मिस्टर हॅस्लम, हा जनावर नाहीये, गाद्यांच्या दुकानातला विक्रेता आहे. तो खिंडीत येऊन गुडघे टेकेल आणि प्रार्थना म्हणेल!"

"मग कॅमेऱ्यात तेवढं तरी येईल," बायकांच्या घोळक्यातून नेटीचा आवाज आला. "तुझ्या तारेला तेही नाही जमलं."

हसू पसरलं. या वेळी कुणी नजर खाली घातली नाही.

हॅस्लमनं आभाळाकडं बघितलं. "तुला काय लागेल?"

"वीस फूट लांब, दहा फूट रुंद जमीन खणून मऊ करायला लागेल. आतला एकूण एक दगड वेचायचा. आणि वर पुन्हा धूळ पसरायची, म्हणजे दिसणार नाही."

"माणसं कुठायत खणायला? माझी माणसं दिवे हलवतायत."

यानंतर जे झालं ते त्या धंद्यातली माणसं पुढं कित्येक वर्षं एकमेकांना सांगत राहिली. खडकाच्या सावलीत दहा-बारा मेलेले लुटारू झोपले होते, छातीवर लाल रंगाचे डाग घेऊन. ते उठले. एकानं फावडं घेतलं, दुसऱ्यानं कुदळ, उरलेल्यांनी हॅटा. शेरीफची पलटण घोड्यांवरून उतरली. गावातल्या बायकांनी झगे खोचले आणि टोपल्यांतून दगड भरभरून बाहेर फेकायला लागल्या. गस लिंडक्विस्ट गुडघ्यांवर बसून हातानं चाचपत खडे वेचत होता. चाळीस मिनिटांत जमीन तयार. बर्ट एकटाच हाताची घडी घालून उभा होता.

व्हर्डेलनं डीकनला ती जागा दाखवली. पायानं दाबून मऊपणा दाखवला. घोड्यानं हुंगलं, खूर आपटून बघितला. नेटी जवळ आली, तिनं डीकनच्या कपाळावरचे केस सारखे केले. नवऱ्याला एवढंच म्हणाली, "तू आधी सुटा हो. त्याचं तो बघेल."

मग व्हर्डेल खिंडीच्या वरच्या टोकाला गेला.

"कॅमेरा!"

डीकन आला तो वाऱ्यासारखा. असा सरळ, असा लांब ढांगा टाकत की बघणाऱ्यांना वाटलं, हा काही पडत नाही आता, हा थेट गावात जाणार. पिस्तुलाचा बार झाला. व्हर्डेलचा उजवा हात मागं गेला. घोड्याचं तोंड वळलं, अंग डावीकडं कललं, आणि चारी पाय हवेत, धुळीचा हा मोठा फवारा, घोडा आणि माणूस दोघं धाडकन कॅमेऱ्याच्या पुढ्यात पंधरा फुटांवर. डोळ्यांदेखत इतकं खरं की एका बाईनं किंकाळी फोडली, आणि ती कामाची किंकाळी नव्हती.

दोघंही निपचित. हॅस्लमनं "कट" म्हणायला उशीर लावला, तो विसरलाच होता.

"कट!"

डीकननं मान उचलली, उठला, नाकातून धूळ फुरफुरली, आणि अंगाला असा झटका दिला की जवळचे सगळे पांढरे झाले. मग व्हर्डेलच्या खिशाला तोंड लावलं. गाजर कुठंय?

कॅमेरावाला मान वर करून म्हणाला, "सगळं आलं. नखशिखांत आलं."

हॅस्लमनं तोंडातली गोळी थुंकली. "परत पडेल?"

"किती वेळा?" व्हर्डेल म्हणाला.

असा प्रश्न त्या मैदानावर कुणी कधी ऐकला नव्हता. तारेवरचा घोडा एकदाच पडतो. डीकन त्या दुपारी तीनदा पडला. एकदा समोरून, एकदा बाजूनं, आणि एकदा जमिनीलगत ठेवलेल्या कॅमेऱ्यासाठी. तिसऱ्यांदा उठला तेव्हा सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं. मेलेले, जिवंत, लुटारू, शेरीफ, दिवेवाले, स्वयंपाकी. हीरो स्टुलावर उभा राहून हॅट हलवत होता. गस लिंडक्विस्टनं डीकनच्या मानेला मिठी मारली आणि स्वीडिशमध्ये काहीतरी म्हणाला. व्हर्डेलला एवढंच कळलं की म्हातारा रडतोय.

"परत आणायचा नाही म्हणाला होतास," व्हर्डेल म्हणाला.

"तेच म्हणतोय," गसनं नाक पुसलं. "आता तर मुळीच आणू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावर बर्टची गाडी थांबली. त्याला दुसऱ्या एका सिनेमासाठी तारेवर जायला तीन स्वार हवे होते. त्यानं बोट दाखवलं, "तू." तो स्वार म्हणाला, तार नको. "तू." तार नको. अख्खी रांग, एकवीस माणसं, एकामागून एक तेच म्हणाली. शेवटी बर्टनं बोटच खिशात घातलं. व्हर्डेल आत काउंटरवर कॉफी पीत होता. त्याला हे दुकानदारानं सांगितलं, तेव्हा तो कप पुढं सरकवत म्हणाला, "आणखी एक डोनट दे. नाही, दोन दे."

बर्ट क्रेलिन सात-आठ आठवड्यांनी न्यूहॉलला आला. बरोबर एक काळी घोडी. कुंपणापाशी हॅट हातात घेऊन उभा राहिला, लाल मान आणखी लाल झालेली.

"ही लोळते," तो म्हणाला. "मऊ जमीन दिसली की."

व्हर्डेल काही बोलण्याआधी नेटीच बाहेर आली. तिनं घोडीच्या भोवती एक चक्कर मारली.

"पडायच्या आधी कुठं बघते?"

"कुणास ठाऊक. मी बघितलं नाही."

"मग महिनाभर बघ. ओरडायचं नाही. नंतर ये." आणि थोडं थांबून, "आलायस तर जेवून जा. घेवडा आणि मक्याची भाकरी आहे."

तो खरोखर महिन्यानं आला, आणि सांगितलं, डावीकडं बघते. बर्टनं स्वतःच्या हातानं शिकवलेली ती घोडी पुढं डीकनच्या खालोखाल नावाजली. प्रूइटांच्या वाळूत एकूण अकरा घोडे शिकले. पुढच्या काही वर्षांत तार सगळीकडूनच बंद झाली. त्यासाठी पुष्कळ लोकांनी आवाज उठवला होता, व्हर्डेलनं त्याचं श्रेय कधी घेतलं नाही. पण कोपऱ्यावरचे लोक तारीख सांगताना चॅट्सवर्थच्या आधी आणि चॅट्सवर्थच्या नंतर असंच सांगायचे.

तो सिनेमा न्यूहॉलच्या थिएटरात एका शनिवारी दुपारी लागला. पहिल्या चार रांगा नुसत्या कोपऱ्यावरच्या माणसांनी आणि त्यांच्या बायकांनी भरल्या होत्या. सुरुवातीला नावं आली, हीरो, नायिका, हॅस्लम, अगदी हॅटा पुरवणाऱ्या दुकानाचंसुद्धा. व्हर्डेल प्रूइट नव्हतं, डीकन नव्हतं. मग शेवटची खिंड आली. घोडा सुटला तेव्हा पहिल्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "डीकन!" दुसऱ्यानं साथ दिली. आणि तो कोसळला तेव्हा चारही रांगा उभ्या राहून त्याच्या नावानं गर्जत होत्या. मागच्या बाकी प्रेक्षकांना कळेना, लुटारूचा घोडा पडला तर यांना एवढा आनंद कसला?

नेटीच्या मागच्या खुर्चीवरच्या बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. "काय निर्दय माणसं," ती नवऱ्याला म्हणाली. "बिचारं जनावर मेलं असेल हो."

नेटी खुर्चीत पूर्ण वळली. पडद्यावर गोळीबार चालू होता, त्यावर आवाज चढवून, पाचव्या रांगेपासून दारापर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "मेला कसला, बाई! आत्ता निघताना माझ्या परसातली सगळी कोबी खात होता. आणि वर बसलेला तो पडणारा माणूस इथं माझ्या शेजारी बसलाय. उठ रे व्हर्डेल, दाखव त्यांना!"

व्हर्डेल लाजून लाल झाला, पण उठला. हॅट काढली. अख्खं थिएटर त्याच्याकडं बघत होतं. हीरोचं लग्न पडद्यावर लागून गेलं, ते कुणीच पाहिलं नाही.